चकचकीत गाडी आणि शांताकाकूंचं दूध

हसू नका, पण गाडी चमकवायची माझी हौस मला लई नडली.

जीपमागं जोडायची छोटी कॅम्पिंगची गाडी नुकतीच घेतलीती. जुनी, बाहेरनं सगळी काळवंडलेल्या अ‍ॅल्युमिनियमची. आजऱ्याला फिरायला निघायच्या आदल्या दिवशी गडमुडशिंगीत दारातच घासायला बसलो.

बायको म्हणाली, "घरातलं एक पातेलं घासलंय का कधी? आता राख तरी घ्या."

"राखेनं चरे पडतात! मऊ फडकं आणि पॉलिशच लागतंय."

संध्याकाळपर्यंत गाडी अशी चमकली की तिच्यात बघून दाढी करावी. मग पाणी भरायला गाडीच्या टाकीचं झाकण काढलं आणि पाईप आणायला परसात गेलो. परत येतोय तर शेजारच्या शांताकाकू टाकीजवळ दुधाची रिकामी किटली झटकत उभ्या.

"डेअरीचा नवा टँकर झ्याक हाय की! फॅट किती लागली?"

"काकू, ती आमची प्यायच्या पाण्याची टाकी हाय! ही फिरायची गाडी हाय!"

काकू उलट माझ्यावरच खवळल्या, "मग टँकरवाणी घासलीस कशाला?"

बायको दारातनं शांतपणे म्हणाली, "बाहेरनं झालं न्हवं? आता आतनं घासा."