यिनदीच्या नावाची बाटली

नाही हो, जड कुठे आहे — एक डबा आणि गरम पाण्याचा थर्मास, बस. हार्बिनच्याच गाडीला चाललाय ना तुम्ही? मग झालं तर. आत शिरलात की डाव्या हाताला बाकं आहेत, तिसऱ्या रांगेत बसलीय ती — केस पिकलेले, जांभळा स्वेटर, पाय पिशवीवर टेकवलेत बघा. सुजतात तिचे पाय. या काचेतून दिसते मला. पण मला आत सोडत नाहीत, तिकीट नाही तर आत नाही, नियम आहे — आणि सोडलं असतं तरी, जाऊ दे. डब्यात हिरवे गोळे आहेत, तांदळाच्या पिठाचे, आत लाल घेवड्याचं गोड पुरण. आज पहाटे उकडलेत. मिठाचा कण नाही त्यात, तिला मीठ वर्ज्य आहे, मूत्रपिंडं पार थकलीत. फक्त एक करा ताई, माझं नाव काढू नका. म्हणा, मावशी, मी घरून जास्त आणलेत, दोन खा.

भांडण? छे, भांडण कसलं. मैत्रीण आहे माझी. यिनदी. एका गल्लीतल्या आम्ही, एकाच नळावर भांडी घासत मोठ्या झालो. चार दिवस तिला शांघाय दाखवत होते. म्हणजे बघा — मी तिला शांघाय दाखवत होते, आणि ती माझ्याआधी चार महिने जन्मली या शहरात. डॉक्टर तिला म्हणाले, येत्या हिवाळ्यापासून दिवसाआड मशीनवर यावं लागेल. तर मला तिकडून, पार उत्तरेतून, फोन केला तिने, ‘पेइझन, त्याआधी एकदा आपलं शांघाय बघून घेते.’ आपलं म्हणाली. गल्ली कुठली राहायला — तिथे आता पाच मजली दुकान आहे, नुसत्या चपला आणि बुटांचं. ही सरकत्या जिन्याच्या तोंडाशी उभी राहून सांगतेय, ‘इथे नळ होता, आणि तिथे तुझी आई ओरडत यायची.’ रखवालदार म्हणाला, ‘आजी, बाजूला व्हा, वाट अडते.’ तिनं आमच्या बोलीत उत्तर द्यायचा प्रयत्न केला, पण तोंडून सगळं उत्तरेकडचं निघालं. तो हसला. मी त्याला झापलं, पण काय उपयोग? बोटीच्या तिकीट-खिडकीवर तर कहर. साठीवरच्या शहरवासीयांना सवलत, असा हा मोठा फलक. मी दोघींची ओळखपत्रं सरकवली. आतली बाई तिच्या कार्डाचे पहिले आकडे, प्रांताचे असतात ते, बघते आणि म्हणते, ‘या बाहेरच्या आहेत, पलीकडची रांग.’ मी म्हटलं, बाहेरची कोण गं? हिला सतराव्या वर्षी ढोल वाजवून, छातीवर लाल फूल लावून आगगाडीत बसवलं, उत्तरेच्या सरकारी शेतावर राबायला धाडलं, ते तुझ्याच शहराने. हिने मागितलं होतं का ते बर्फ? माझं भांडण रंगात आलेलं, आणि यिनदी गुपचूप पलीकडच्या रांगेत जाऊन उभी. म्हणाली, ‘तू सोड गं, मला सवय आहे रांगेची.’

हो, मीही होते त्याच शेतावर. मी कशी परत आले? आजारपणावर. हो, तसंच होतं तेव्हा — शेतावरून सुटायचं तर आजारी असल्याचा कागद हवा. लोक काय काय करायचे, कोणी काय गिळायचं, कोणी काय. मी धडधाकट, बैलासारखी. आजारी होती ती यिनदी, खरीखुरी, लघवीतून रक्त जायचं तिच्या. तपासणीचं पत्र दोघींना आलं, लघवी बाटलीत भरून आणा म्हणून, तर ही म्हणते, ‘त्यात काय, दोन्ही बाटल्या मीच भरते. दोघी आजारी, दोघी घरी.’ तिनेच भरल्या. तिनेच चिकटपट्टीवर नावं लिहिली, माझं अक्षर वाईट म्हणून. तालुक्याचा दवाखाना बारा किलोमीटर, हिचे पाय हे असे भोपळ्यासारखे, म्हणून मी एकटी निघाले दोन्ही बाटल्या कोटाच्या आत घालून, गोठू नयेत ना. तरी पुलापर्यंत आली सोडायला.

तुम्हीच सांगा — एकाच खोलीतल्या दोघी, दोघींना एकच आजार, तोही एकाच दिवशी. डॉक्टर काय खुळा होता? पकडले असते तर दोघी गेलो असतो कामातून. असं मी स्वतःला सांगितलं. सांगत सांगत झुडपामागे गेले, तिच्या नावाची बाटली बर्फात ओतली आणि — भरली. माझ्या निरोगी अंगातलं भरलं तिच्यात. बस, एवढंच. मिनिटभराचं काम. महिन्याने माझा कागद आला, आणि तिला शेरा मिळाला, प्रकृती उत्तम, कामावर रुजू व्हावे. मला निरोप द्यायला आली तेव्हा स्वतःची जाड मोज्यांची जोडी दिली तिने मला. शांघायला कशाला लागतात जाड मोजे? नंतर ट्रॅक्टर चालवणाऱ्याशी लग्न केलं, तिथलीच झाली. नवरा चांगला होता म्हणते.

तिला कसं कळलं? मीच सांगितलं तिला. काल, बोटीवर. कशाला सांगितलं म्हणजे — ती त्या डॉक्टरला शिव्या देत होती म्हणून. सेहेचाळीस वर्षं देतेय. मजेत सांगत होती, चहा पीत — ‘तो म्हातारा वारला तेव्हा सगळं शेत अंत्ययात्रेला गेलं, मी नाही गेले. त्याच्या मुलीने वाटेत नमस्कार केला तर तोंड फिरवलं मी.’ ‘त्याने माझं आयुष्य खाल्लं, पेइझन.’ आणि तो बिचारा बाटलीत जे होतं तेच वाचत होता हो. मग माझ्या तोंडून निघून गेलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. तिने कप खाली ठेवला आणि एकच विचारलं, ‘पुलाआधी की पुलानंतर?’ मी म्हटलं, नंतर. ‘म्हणजे मी तिथे उभी राहून हात हलवत होते तेव्हा.’ मी म्हटलं, तेव्हा अजून ठरलं नव्हतं गं. ठरलं होतं की नव्हतं, खरंच आठवत नाही मला. रात्री माझ्याच घरी झोपली, सकाळी माझी चादर घडी करून ठेवली, टॅक्सीत पुढे बसली.

हो, घोषणा झाली, ऐकलं मी. उठली बघा ती. जा, तुम्हीही जा. सांगाल ना, तुम्हीच घरून आणलेत म्हणून — माझ्या हातचं कळलं तर शिवायची नाही, आणि एवढ्या लांब काय खाईल, तुम्ही आपलं सांगा की —

थांबा. द्या तो डबा इकडे. एकदा तिच्या नावावर माझं खपवलं, आता माझं तुमच्या नावावर. नको. थर्मासही द्या. आत मिळतं गरम पाणी.

जा ना ताई, दार लावतील. माझ्याकडे काय बघता.