हात वर असताना घेतलेलं माप

प्राचार्य सर, शमीम मॅडमची मुलगी नाझनीन आणि घरची मंडळी, सगळे शिक्षक, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुलामुलींनो. पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, तरी तुम्ही मागेच उभे आहात. मीही आत्तापर्यंत तुमच्यातच उभी होते. नाव पुकारलं तेव्हा जिन्याने खाली निघून जावं असं मनात आलं होतं, खरं सांगते.

मला पाच मिनिटं दिली आहेत. थोडी जास्त होतील. मी घरून लिहून आणलं होतं, पण तो कागद पिशवीतच राहू दे. त्यात सगळं गोड गोड आहे, आणि शमीम मॅडम गोड नव्हत्या. आधीच्या वक्त्यांनी त्यांना हसतमुख म्हटलं. मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. त्या कामात असताना हसायच्या नाहीत. टीप वाकडी गेली की एकच शब्द यायचा, ‘उसव.’ आपण उसवायचं.

जे मला ओळखत नसतील त्यांच्यासाठी सांगते. मी प्रणाली. दोन वर्षांपूर्वी याच कॉलेजातून फॅशन डिझाइनची डिग्री घेतली. आम्ही मूळचे उरणच्या खाडीकाठचे कोळी. बाबा बंदरात कामाला, राहायला आता उलव्यात. मी इथे आले ते चित्रं चांगली काढायचे म्हणून. मला वाटायचं, डिझायनर म्हणजे जो चित्र काढतो. पुढचं काम कुणीतरी करतं. ते कुणीतरी म्हणजे आमच्यासाठी शमीम मॅडम होत्या.

मॅडमनी एका एक्स्पोर्ट कंपनीत सॅम्पल टेलर म्हणून कितीतरी वर्षं काढली होती. परदेशातून कपड्याचं चित्र यायचं, आणि त्यावरून पहिला कपडा शिवून दाखवायचा, ते त्यांचं काम. मग कंपनी बंद पडली आणि त्या आपल्या लॅबमध्ये आल्या. पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचा कागदी साचा, आणि शिलाई शिकवायला. डिग्री नव्हती, म्हणून हुद्दा ‘लॅब असिस्टंट’. आम्ही मुली पाठीमागे त्यांना ‘टेलर मॅडम’ म्हणायचो. मी जरा जास्तच म्हणायचे. नाझनीन, तुझ्यासमोर हे सांगताना मला लाज वाटते, पण सांगायला हवं.

शेवटच्या वर्षी आम्हाला विषय होता, कष्टाचं काम करणाऱ्या कुणा एका खऱ्या माणसासाठी कपडा करायचा. मी माझ्या आत्याला निवडलं. आत्या पनवेलच्या बाजारात मासळी विकते. डोक्यावर पाटी, पाटीत बर्फ, आणि ते पाणी गळत गळत मानेवरून पाठीत उतरतं. तिची पाठ वर्षानुवर्षं ओली. मी तिच्यासाठी लुगड्यावर घालायचं एक जाकीट काढलं. निळं, पाणी न झिरपणारं, खांद्यावर खवल्यांसारखी शिलाई. चित्र इतकं देखणं झालं होतं की सगळ्यांनी फोटो काढले. मग मांजरपाटाच्या साध्या कापडावर नमुना शिवला. पुतळ्यावर चढवला. तोही देखणा दिसला.

मॅडमनी पाहिला आणि विचारलं, “ज्यांच्यासाठी आहे त्या कुठे आहेत?”

मी म्हटलं, त्या बाजारात असतात, त्यांना वेळ नसतो. मॅडम म्हणाल्या, मग बाजार उठल्यावर आण.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. अंगाला मासळीचा वास, त्यामुळे दारातच अवघडून उभी राहिली. मॅडमनी तिला हाताला धरून आत आणलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग जाकीट घातलं. सगळ्यांनी वा वा केलं. मॅडमनी कोपऱ्यातली एक टोपली उचलली, तिच्यात लोखंडी कात्र्या भरल्या आणि आत्याच्या डोक्यावर ठेवली. म्हणाल्या, “ताई, धरा. रोज धरता तशी.”

आत्याने हात वर केले. आणि सगळं जाकीट हातांबरोबर वर गेलं. कंबर उघडी, पाठ उघडी. बाह्या कोपरापर्यंत सरकल्या आणि काखेत टर्रकन उसवलं.

आत्या बिचारी मलाच सांभाळून घेत म्हणाली, “चांगला हाय गो. फकस्त हात वर जात नाय. आमी तं हात वर करूनच चालतो.”

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो घेर, खोल झालाय, परत कर. ज्युरीला, म्हणजे शेवटच्या परीक्षणाला, पाच दिवस होते.

तेव्हा मी बोलले. सगळ्यांसमोर बोलले. “मॅडम, आम्ही डिग्री करतोय. हा शिलाईचा क्लास नाही. डिझाइन कशाला म्हणतात ते तुम्हाला नाही कळणार.”

त्या वेळी माझ्या वर्गात असलेले तिघेजण इथे आहेत. त्यांना आठवत असेल. लॅबमधली सगळी मशीनं एकदम थांबली होती.

मॅडमनी गळ्यातला टेप काढला आणि आत्याला म्हणाल्या, “ताई, टोपली तशीच राहू द्या. दोन मिनिटं तकलीफ देते.” आणि त्यांनी मापं घेतली. आपण सगळे माप कसं घेतो? हात खाली सोडून, माणूस सरळ उभा. मॅडमनी हात वर असताना घेतलं. कमरेपासून काखेपर्यंत, काखेपासून कोपरापर्यंत, आणि मानेच्या मागे जिथे पाणी उतरतं तिथलं. एकेक आकडा मोठ्याने म्हणाल्या. कुणी लिहून घेईना, तेव्हा स्वतःच लिहिला.

मी निघून गेले. दोन दिवस कॉलेजला आले नाही. घरी आत्याही माझ्यावर रागावली. तिला जाकिटाचं काही नव्हतं. ती म्हणाली, “तुजी मास्तरीण हाय ती. तिने मला खुर्ची दिली. तू तिला काय दिलंस?”

तिसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेले. मला आशा होती, कबूल करते, की मॅडमनी वैतागून जाकीट दुरुस्त करून ठेवलं असेल. तसं काही नव्हतं. माझ्या टेबलावर मापांचा कागद टाचणीने लावलेला होता. बस. त्या दिवशी मी माफी मागितली नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. मी शेजारी जाऊन उभी राहिले. त्या म्हणाल्या, “बस. पेन्सिल काढ.”

मुंढा सैल ठेवला की हात मोकळा होतो, असं मला वाटायचं. होतं उलटंच. मुंढा काखेच्या जवळ आणायचा, बाहीचा वरचा उठाव कमी करायचा, आणि काखेत एक चौकोनी तुकडा जोडायचा. हे एका वाक्यात सांगता येतं. ते कागदावर उतरायला माझा अख्खा दिवस गेला. मी काढायचे, त्या बघायच्या, ‘नाही’ म्हणायच्या. रेघ त्यांनी एकदाही मारून दिली नाही. दुसऱ्या दिवशी जाकीट निळ्या कापडात परत शिवलं. संध्याकाळी आत्या आली, हात वर केले, आणि जाकीट जागच्या जागी राहिलं. आत्याने टोपली घेऊन लॅबमध्ये दोन फेऱ्या मारल्या. आजही ती ते जाकीट घालून बाजारात बसते.

इथवर मी कुठेही सांगू शकते. आता जे सांगायचं आहे ते पहिल्यांदाच एवढ्या लोकांसमोर सांगतेय.

त्या जाकिटावर मला प्लेसमेंटच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. कंपनीत गेले. पोर्टफोलिओ त्यांनी दोन मिनिटांत मिटून ठेवला. समोर कागद, पट्टी, पेन्सिल ठेवली आणि सांगितलं, बाही काढून दाखवा. मी काढली. पॅटर्नचे प्रमुख बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

सरळ प्रश्न होता. उत्तर माझ्या ओठांवर होतं. आणि मी एका नावाजलेल्या डिझायनरचं नाव घेतलं. ते आमच्याकडे पाहुणे म्हणून आले होते, दोन व्याख्यानं दिली होती. बाहीचा विषयसुद्धा निघाला नव्हता. का घेतलं मी ते नाव? मला वाटलं, लॅब असिस्टंटचं नाव सांगितलं तर माझी किंमत कमी होईल. एवढंच कारण होतं. दुसरं काही शोधून सापडत नाही.

नोकरी मिळाली. पेढे घेऊन मॅडमकडे आले. त्यांनी पहिलं विचारलं, टेस्टला काय दिलं होतं? मी म्हटलं, बाही. त्या दिवशी मी त्यांना हसताना पाहिलं. पेढा हातात तसाच धरून त्या शेजारच्या वर्गात सांगायला गेल्या. आणि मी तिथे उभी.

मंडळी, हे असं दीड वर्ष चाललं. मी रोज कामावर जायचे, रोज त्यांनी शिकवलेलं वापरायचे, आणि रोज काहीतरी टोचत राहायचं. फोन उचलायचे, ठेवायचे. मग कळलं की मॅडम आजारी आहेत, घरीच असतात. मी गेले. नाझनीन चहा करायला आत गेली तेव्हा मी एका दमात सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, त्या रागावतील किंवा माफ तरी करतील.

त्यांनी विचारलं, “मग खरं कधी सांगणार?”

मी म्हटलं, आत्ता सांगितलं की.

“मला सांगून काय, बेटा? मला ठाऊकच आहे कुणी शिकवलं ते. ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना सांग.”

मग त्यांनी सांगितलं की कॉलेजात लॅबचे तास कमी झालेत. आठवड्यातले तीन दिवस होते, आता एक आहे. बाकीच्या वेळात मुलाखतीची तयारी, बोलणं, प्रेझेंटेशन. कारण कंपन्यांना तेच हवं असतं, असं ठरलंय. मॅडम म्हणाल्या, “माझी फिक्र नको. माझं आता किती राहिलं? पण तू तिथे बाही काढून नोकरी मिळवलीस, आणि कंपनीकडून इथे कळलं की व्याख्यानं ऐकून मिळाली. मागून येणाऱ्या मुलींनी काय करायचं?”

मी खोटं बोलले तेव्हा मला वाटलं होतं, ते माझ्यापुरतं आहे.

त्या सोमवारी मी आमच्या प्रमुखांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, नाव काय म्हणालात मॅडमचं? आणि त्यांनी ते लिहून घेतलं. नोकरी गेली नाही. पण तेव्हापासून ते माझ्याशी थोडं मोजून बोलतात. ते योग्यच आहे. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “बरं झालं. आता कॉलेजात सांग.”

मी हो म्हटलं. आणि आलेच नाही. या शनिवारी जाऊ, पुढच्या शनिवारी जाऊ. मागच्या मंगळवारी नाझनीनचा फोन आला, मॅडम गेल्या.

म्हणून आज आले आहे. सर, तुमच्याशी बोलतेय मी. सगळ्यांसमोर बोलतेय, राग मानू नका. कॉलेजच्या माहितीपत्रकात माझा फोटो आहे, नोकरी लागलेली विद्यार्थिनी म्हणून. खाली शिक्षकांची यादी आहे. तिच्यात शमीम मॅडमचं नाव कधीच नव्हतं. मला नोकरी त्यांच्यामुळे लागली. माझ्या वर्गातल्या ज्या ज्या कुणाला पॅटर्नचं काम मिळालं, त्यांना विचारा, ते काय सांगतात. ती यादी बदला. आणि लॅबचे तीन दिवस परत द्या. चित्र कितीही देखणं असलं तरी कंपनीत समोर कागद आणि पट्टीच ठेवतात. मुलामुलींनो, हे तुम्हाला आत्ता पटणार नाही. मलाही पटलं नव्हतं.

सर, तुम्ही मान डोलावलीत. मी तो होकार धरत नाही. नवीन वेळापत्रक लागेल तेव्हा येऊन वाचेन.

मॅडम आजारी पडल्यापासून त्यांच्या टेबलावर दुसऱ्या वर्षाच्या मुलींचे मांजरपाटाचे नमुने तपासायचे पडून आहेत. मी आल्या आल्या लॅबमध्ये जाऊन बघितले. नवीन माणूस मिळेपर्यंत मी दर शनिवारी येईन. मला मॅडमसारखं येत नाही, हे आधीच सांगते. चुकीचं काही दिसलं तर ‘उसव’ म्हणेन, तेवढं नक्की. कुणाला राग आला तर येऊ दे. येऊन बोला माझ्याशी, पण निघून जाऊ नका.

नाझनीन, तुझ्या आईला मी ज्या दिवशी दुखावलं, त्या दिवसाची माफी मी त्यांच्याकडे कधीच मागितली नाही. कधी विषयच निघाला नाही, असं मी स्वतःला सांगत राहिले. ती तुझ्याकडे मागते. तू दिलीच पाहिजेस असं नाही.

आता मी थांबते. मला अजून बरंच बोलावंसं वाटतंय, आणि म्हणूनच थांबते. जे बसले आहात ते उठा. जे मागे उभे आहात ते पुढे या, इथपर्यंत या, या खुर्च्या रिकाम्या बघवत नाहीत. दोन मिनिटं कुणीच काही बोलू नये.

शमीम मॅडम, आम्ही सगळे उभे आहोत.