रुग्णवाहिकेचा गंजलेला जोड

व्यासपीठावरचे माननीय अध्यक्ष, रुग्णसेवा मंडळाचे विश्वस्त, आयटीआयचे प्राचार्य, सहकारी आणि समोर बसलेल्या श्रीरामपूरकर बंधू-भगिनींनो,

भारती साळवे मॅडम आज निवृत्त होत आहेत. मी कानिफनाथ, त्यांच्याच वेल्डिंग विभागातला निदेशक. मला गोड बोलायला सांगितलं आहे. जमेलच असं नाही.

गेल्या वर्षी मंडळाची रुग्णवाहिका रंगवून आली. पूजेला मॅडम पाहुण्या होत्या. नारळ फोडण्याआधी त्या गाडीत चढल्या आणि स्ट्रेचर जिथं अडकवतात, तिथला जोड त्यांनी स्क्रू ड्रायव्हरनं टोचला. रंग फुटला, पुट्टी गळून पडली, आतून तांबूस भुगा निघाला. हा पत्रा बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका, असं त्यांनी सर्वांसमोर सांगितलं. मुहूर्त मोडला म्हणून विश्वस्त रागावले. एक जण म्हणाले, "बाई, तुम्ही पाहुण्या आहात, तपासनीस नाही." ते सद्गृहस्थ आज व्यासपीठावरच आहेत.

जोड गंजणं हा गुन्हा नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनं पत्र्यावरचा लेप जळतो, ओल आधी तिथंच धरते. पण गंज डोळ्यांनी पाहून त्यावर रंग फासायचा, याला काय म्हणायचं?

पत्रा न बदलताच गाडी धावू लागली. पावसाळ्यात आपल्याच गावातल्या आक्काबाईंना दवाखान्यात नेताना गतिरोधकावर तोच जोड सुटला, स्ट्रेचर उलटलं. ताप आला म्हणून निघालेल्या आक्काबाई खांदा मोडून पोचल्या. मंडळानं दोष कोणाला दिला? रस्त्याला.

मग गाडी आमच्या कार्यशाळेत आली. मॅडमनी गंजका पत्रा कापला, नवा जोडला, जोड घासून त्यावर प्रायमर दिला, फटी सीलरनं बुजवल्या, आतल्या पोकळीत ओल धरू नये म्हणून मेण फवारलं. मी चिडून विचारलं, एवढं ऐकून घेतल्यावर यांचं काम आपण का करायचं?

त्या म्हणाल्या, "त्या स्ट्रेचरवर विश्वस्त झोपत नाहीत, कानिफनाथ."

आजच्या मानपत्रात यातलं एक अक्षर नाही. 'मनमिळाऊ स्वभाव' तेवढा आहे. पूजेच्या दिवशी सगळे विरोधात असताना एकट्या उभ्या राहिलेल्या बाईला मनमिळाऊ म्हणून मोकळं व्हायचं?

हार घालण्याचा मान अध्यक्षांचा. तरी माझी विनंती आहे की तो पहिल्या रांगेतल्या आक्काबाईंना द्यावा. मघाशी त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "घालते की. पन हात वर जात न्हाई." तेव्हा मॅडम, तुम्हालाच वाकावं लागेल.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर क्षमा असावी. खरं बोललो, त्याची मात्र मागत नाही.