बोटभर लेबल

बसा ना, बसा — स्टूल पुसलेलंच आहे. बाईंचे थोरले भाऊ ना तुम्ही? चेहऱ्यावरूनच ओळखलं. हा त्यांचा चष्मा, ही वही. भाजलेले हात कसे आहेत? बोटं हलतात? नाही अजून... अरेरे. — कोण म्हणतं चूक त्यांची? हां, मीच म्हटलं, जबाबात तसंच दिलंय — लेबल न वाचता बाटलीतलं बर्नरवर तापवायला घेतलं म्हणून. आता नोकरी जाईल त्यांची, वाईट वाटतं हो, पण प्रयोगशाळेच्या कोठाराचा माणूस मी, मला काय मिळायचंय खोटं बोलून?

बघा, सांगतो. ब्युटेनॉल आणि ईथर — दोन्हींत कार्बन चार, हायड्रोजन दहा, ऑक्सिजन एक. सामान तेच, जोडणी वेगळी. ब्युटेनॉल बेतानं तापवता येतं, ईथर मात्र ज्योत हातभर लांब असली तरी भडकतं. म्हणून लेबलावर जोडणी लिहायची — सीएच-थ्री, सीएच-टू, मग ओ, मग पुन्हा सीएच-टू, सीएच-थ्री. मधे ओ दिसला की लांब राहायचं. नाव लिहायचं नाही, हा बाईंचाच नियम, पोरांनी सूत्र वाचायला शिकावं म्हणून. नुसतं सी-फोर एच-टेन ओ लिहिलं, तर ओळखणार कसं? वासावरून? नाक चोंदलेलं होतं त्यांचं, सकाळपासून शिंकत होत्या. ब्युटेनॉल द्या म्हणाल्या, मी दिलं, त्यांनी लेबल वाचलं, बोटांवर मोजलं, "बरोबर" म्हणाल्या आणि —

नाही, म्हणजे... मी दारात होतो. असे काय बघताय? ते लेबल? नवंच आहे. जुनं भिजलं होतं. कधी बदललं? झालं असेल कधीतरी — हो, त्याच दिवशी! त्यांना गाडीत घालत होते तेव्हा, मी इथे डिंक लावत होतो! जुन्यावर नुसतं सी-फोर एच-टेन ओ होतं — बाटली लहान, लेबल बोटभर, लांब सूत्र मावेना, तेव्हा म्हटलं, छोटं लिहू, काय बिघडतंय. आणि त्या दिवशी मीच फसलो, ब्युटेनॉल म्हणून ईथर दिलं. एकवीस वर्षांत एक चूक नाही हो माझी. एक नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं झालंय चार दिवस. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. तुम्हालाही सांगणार नव्हतो.

हे घ्या. जुनं लेबल. अक्षर माझंच आहे, कुणीही ओळखेल. चौकशीवाले चार वाजता येतायत, त्यांच्या हातात द्या. — आभार कसले मानता माझे? उठा. जा म्हणतोय ना! अजून थांबलात तर परत मागून घेईन मी.