पेशी वाढली पाहिजे

...आता पेशी म्हनल्यावर मले कोर्टच आठवनार ना, यात माही काय चूक, तुमीच सांगा! सारी जिंदगी गेली जिल्हा कोर्टाच्या दारात पुकारा करन्यात, अन् आमच्या नागपुरात पेशी म्हंजे कोर्टाची तारीख, शेंबड्या पोट्ट्याले बी समजते. पन रामदासपेठेच्या दवाखान्यातला तो पुन्याचा डॉक्टर मले म्हनते, "हे पाहा, तुमच्या पत्नींच्या पांढऱ्या पेशी औषधानं मरतायत. कॅन्सरशी लढायला त्याच हव्यात. त्या वाढल्या पाहिजेत." मी म्हनलं, साहेब, पेशी वाढवनं काय कठीन हाये, कोर्टातल्या बाबूले चहा पाजला का पुढची तारीख भेटते, झाली वाढली. माही सुमती खाटेवर पडल्या पडल्या इतकी हासली, का तिले ठसका लागला.

मंग समजलं, ह्या पेशी म्हंजे रक्तातले शिपाई. बाहेरचा सर्दीखोकला आत आला का ते त्याच्याशीच लढून मरतील, अन् कॅन्सर मोकळा. आता दार सांभाळनं तर माहं रोजचंच काम! बसलो स्टूल टाकून. इतवारीची कुसुमताई, सुमतीची बहीन, संत्र्याची थैली घेऊन खोकत खोकत आली, "काहून जी, बहिनीले पाहू बी देत नाही?" म्हनलं, बाई, पुकारा झाल्याबिगर आत जानं नाही. तनतन करत गेली. जाऊ दे. पेशी वाढली पाहिजे.

अन् वाढली बी. मी दारातून इचारत जाओ, "पेशी वाढली का वं?" सुमती म्हने, "वाढली जी, पुढची तारीख भेटली."

मंग एक दिवस... शिंक आली. मलेच! आता दारावरचा शिपाईच शिंकला तर त्याले कोन अडवते? मीच मले अडवलं, अन् जिन्यापाशी जाऊन बसलो. त्याच दुपारी तिले ताप चढला. नर्स म्हने, बाई बोलावून राहिल्या तुमाले. म्हनलं, नाही, पेशी मरतील तिच्या.

तं आतून आवाज आला, बारीक, पन अगदी माह्याच चालीत... "लहानू वल्द रुपराव, हाजिर होऽऽ..."

तुमाले सांगतो, लग्न झाल्यापासून त्या बाईनं माहं नाव तोंडातून काढलं नव्हतं. खांद्यावरचा दुपट्टा तोंडात कोंबून रडलो, पन उठलो नाही. पुन्हा पुकारा झाला. पुन्हा झाला. पेशी वाढली पाहिजे, पेशी वाढली पाहिजे, म्हनत बसलो.

सकाळी डॉक्टर बाहेर आला, खांद्यावर हात ठेवला, म्हने, "तुमचं काही चुकलं नाही हो."

नाहीच चुकलं जी. आमच्या कोर्टात बी असंच हाये... तीनदा पुकारा होऊन मानूस हाजिर झाला नाही, का निकाल एकतर्फी लागते.