साईच्या पाठीवरचा ठिपका

डॉक्टर : असाच खांद्यावर धरा साईला. पाठ उजेडाकडे. परवा ॲलर्जीच्या चाचणीच्या पट्ट्या काढल्या तेव्हा सगळं पुसट होतं, आज स्पष्ट दिसतंय.

वाल्मीक : गाऊनच्या कापडाचीच ॲलर्जी ना, मॅडम? माझी तयारी आहे. सांगून टाका.

डॉक्टर : नाही. तुम्ही आणलेला तुकडा इथं चिकटवला होता. बघा, जागा कोरी आहे.

वाल्मीक : खरंच? सासूबाई, ऐकलंत? ज्योत्स्नाचा गाऊन नाही! मॅडम, हा चार महिन्यांचा होता, तेव्हा डेंग्यूनं आठवड्यात गेली याची आई. तेव्हापासून तो गाऊन गालाखाली नसला तर हा झोपतच नाही. अजून धुतलासुद्धा नाही आम्ही. तिचा वास आहे त्याला.

डॉक्टर : लाल झालीय ती ही जागा. सुगंधाच्या पट्टीची. पावडर, अत्तर, वासाचं तेल, यातलं काहीतरी. गालावरचं, मानेवरचं पुरळ त्याचंच.

वाल्मीक : पण तुम्ही सांगितल्यापासून साबणसुद्धा बिनवासाचा आणतो मी.

डॉक्टर : आजी, तुम्ही काही लावता त्याला?

कुसाबाई : त्याला नाय लावत, डाक्टरीणबाई.

डॉक्टर : मग कशाला लावता?

(कुसाबाई पदर तोंडाशी धरते.)

कुसाबाई : गाऊनला. जोत्स्नाची गुलाबाची पावडर व्हती कपाटात. दोन महिने झाले, गाऊनचा वास पार उडाला. पोरगं तोंडाशी धरायचं, फेकून द्यायचं, लय रडायचं. एक दिवस जराशी भुरभुरली. गप झोपलं. मग रोजच.

डॉक्टर : तुम्हाला कसं कळणार, आजी? पावडर बंद करा, मी मलम देते. पुरळ दोन-तीन आठवड्यांत उतरेल. गाऊन राहू दे त्याच्याजवळ, फक्त दोन-तीनदा स्वच्छ धुवा.

वाल्मीक : सासूबाई... साई झोपला की मीही तो गाऊन नाकाशी धरायचो. मला वाटायचं, अजून...

कुसाबाई : पाह्यलंय मी.

वाल्मीक : मग बोलला का नाहीत?

कुसाबाई : तेवढ्यावर तुम्ही सकाळी उठून कामावर जात व्हता. माझी लेक गेली, वाल्मीकराव. आता तिचा वास पण गेला, हे मी माझ्या तोंडानं सांगू?

डॉक्टर : बसा दोघं जरा. घाई नाही.

कुसाबाई : घरी गेल्यावर मीच धुते गाऊन. तुम्ही नका पाहू.

वाल्मीक : नको. तुम्ही साईला घ्या.

कुसाबाई : आवो, पण...

वाल्मीक : तिचं एक कापड कधी धुतलं नाही मी, सासूबाई. एवढं एक धुऊ द्या.