कडूबाईचा वर्ग

जिंतूरच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकड्यावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"कडूबाई, परभणीला कशाला जायलीस गं?"

"अडाणी बायांना शिकवायचं काम लागलंय मला. तिथल्या सरकारी हापिसातून फोन आलता, कागद न्यायला बोलवलंय."

"तुला तर सही बी येत न्हाई."

"साक्षरतेचा पेपर माझ्या नावानं सुनंनं लिवला. लय मार्क पडले."

"मंग कामाला सुनंलाच धाड की. बारावी झालेली हाय ती."

"बारावी माहेरच्या नावावर हाय. लग्नात आमी नाव बदललं, आधारवर बी नवंच टाकलं. आता समदे कागद आधारला जोडल्यावर कॉम्प्युटरला तिची शाळाच सापडंना."

"मंग?"

"तिला अडाणी धरलंय. माझ्याच वर्गात बसवलंय."

"आन तू तिला शिकवणार काय?"

"पयला धडा सकाळीच तिनं घोकून घेतलाय माझ्याकडून."